गिरगावातला चार फुटी समुद्र

प्रवासवर्णन लिहिणाऱ्या माणसाने निदान काश्मीरला तरी जाऊन यावे, असा आपल्याकडे संकेत आहे. माझा प्रवास पुणे ते गिरगाव एवढाच. त्यातही मी समुद्र पाहिला तो चौपाटीवरचा नव्हे, चौदाव्या मजल्यावरचा. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच. तरीसुद्धा त्या चार दिवसांत मी पाण्याकडे जेवढे कान देऊन बसलो, तेवढा उभ्या जन्मात बसलो नव्हतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर वहिनींचा फोन आला. "भावोजी, या खेपेला भाऊबीजेची वाट पाहू नका, आधीच या. बापलेकांचे बोलणे बंद आहे आणि सासूबाईंच्या मनगटाला पट्टी आहे."

"का? काय झाले?"

"मासे," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

कॉलेजला सुट्टी लागली त्याच दिवशी सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने निघालो. ही राणी १ जून १९३० पासून पुणेकरांना मुंबईस नेते आहे, पण अजून कोणाही पुणेकराला मुंबई आवडू लागल्याचे ऐकिवात नाही. माझी गोष्ट थोडी निराळी. मी जन्माने गिरगावकर, पोटासाठी पुणेकर. दादरला गाडी बदलून चर्नी रोडला उतरलो, की माझे वय आपोआप दहा वर्षांचे होते.

स्टेशनच्या पुलावरून समोर समुद्र दिसतो आणि अलीकडे तारापोरवाला मत्स्यालयाची आठवण दिसते. एका पारशी दानशूराच्या नावाचे हे मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. आमच्या लहानपणी दिवाळीच्या सुट्टीतला एक दिवस त्याच्या नावे ठरलेला असे. आत अंधार, भिंतीत हिरवट उजेडाच्या चौकटी आणि त्या चौकटींत तोंडे उघडीत-मिटीत येणारे मासे. वडील पुढे, दादा मध्ये आणि मी शेवटी. आई मात्र बाहेर कठड्यावर बसून राही. ती हर्णैची. "मासे काय पाहायचे? आमच्याकडे ते वाळूत ढिगांनी पडलेले असतात," हे तिचे मत्स्यालयावरचे एकमेव भाष्य.

ठाकूरद्वाराकडून आमच्या वाडीत वळलो. वाडी आता नावालाच उरली आहे. तिथली तीन मजली चाळ जाऊन तिच्या जागी मनोरा उभा राहिला आणि मूळच्या भाडेकरूंना त्यात आकाराने बऱ्या खोल्या मिळाल्या. पूर्वी आमच्या दोन खोल्यांत एक मोरी, मोरीत एक नळ आणि नळाला पहाटे चारच्या सुमारास पाणी. ते येण्याआधी नळ नुसता खाकरे. मग फुरफुरे. मग थांबे. मग एकदम 'घळ्ळ्' करून तांबूस पाण्याचा पहिला लोंढा येई. त्या पहिल्या खाकरण्यालाच आई अंथरुणावर उठून बसे. "पाणी आले रे!" ही आमच्या घरची भूपाळी. तासाभरात पिंप, कळशा, घागरी, शेवटी वाट्याही भरून झाल्या, की मगच दिवस उजाडे. हे तिने चाळीस वर्षे केले. आता टाकीचे पाणी नळाला चोवीस तास असते आणि आईला करण्यासारखे काही उरलेले नाही.

दारात दादाच उभा होता. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. शहराच्या पाणीपुरवठ्यात आयुष्य काढून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. विहारचे पाणी मुंबईत १८६० साली आले आणि तानसाचे १८९२ साली, हे तो घरच्या लग्नाच्या तारखा सांगाव्या तसे सांगतो.

"आलास? तो बघ तुझ्या पुतण्याचा अरबी समुद्र," तो म्हणाला. "लक्ष्मीपूजनाच्या आत तो या घराबाहेर गेला पाहिजे. मी सांगितलेले आहे."

दिवाणखान्याच्या भिंतीला काचेची मोठी पेटी होती. आत साडेतीनशे लिटरच्या आसपास पाणी आणि त्या पाण्यात बारा किलो मीठ. कारण समुद्राच्या लिटरभर पाण्यात पस्तीस ग्रॅमच्या सुमारास क्षार असतात आणि घरातल्या समुद्रालाही तेवढेच लागतात. चौपाटी हाकेच्या अंतरावर असताना पाणी घरी का कालवायचे, असे मी विचारले.

"काका, पावसाळ्यात किनाऱ्याजवळचे पाणी अळणी होते, एरवी गढूळ असते. त्यात काय काय मिसळलेले असते ते तुम्हांला ठाऊकच आहे," पुतण्या म्हणाला.

पेटीत भाजक्या मातीचे सच्छिद्र दगड होते. खरी पोवळी नव्हती, कारण वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. दगडांच्या आडून केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउनफिश, तीन निळे डॅमसेल आणि लालपांढरी सफाईवाली कोळंबी येत-जात होती. क्लाउनफिशची ही जोडी समुद्रातून धरलेली नव्हती, उबवणी केंद्रात वाढलेली होती. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास करण्याचे तंत्र बसवले आहे. हे मासे जन्मतः सगळे नर असतात आणि त्यांतला जो सर्वांत मोठा तो पुढे मादी होऊन कारभार पाहतो, असे पुतण्याने सांगितले. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "म्हणजे रीत सगळीकडे एकच."

मुलगा चोवीस वर्षांचा. शिक्षण पुरे केले, पण नोकरी सोडून घरी बसला होता. दादाच्या मते मासे पाहत बसला होता. वहिनींच्या मते, त्या वर्षात तो ज्या एका गोष्टीसाठी सकाळी अंथरुणातून उठत होता ती ही पेटी. दोघांचेही खरे असावे.

पेटी बाहेर जायची होती ती माशांपायी नव्हे, आवाजापायी. आई दिवाणखान्यातच झोपते. पेटीच्या आवाजाने तिची झोप मोडते, ती रात्री-बेरात्री उठते. पंधरा दिवसांपूर्वी अशीच उठली, अंधारात तिचा पाय घसरला आणि मनगट दुखावले. ब्याऐंशी वर्षांचे हाड. मनगटावर निभावले हे नशीब.

"रात्री पंप बंद ठेव म्हणालो, तर तेही नाही," दादा म्हणाला.

"पंप बंद ठेवला तर दगडांतले जिवाणू गुदमरतात," पुतण्या भिंतीकडे पाहून म्हणाला. "माशांच्या घाणीचा अमोनिया तेच पचवतात. ते गेले की मासे गेले."

त्या रात्री मी दिवाणखान्यातच अंथरूण टाकले. दिवे मालवले आणि समुद्र बोलू लागला.

मी भाषेचा मास्तर. मराठीत पाण्याच्या आवाजांना शब्दांचा तोटा नाही. झरा झुळझुळतो, ओढा खळखळतो, घागर डुबडुबते, हंडा बुडबुडतो. पण या आवाजाला एक शब्द पुरेना. आधी कुठेतरी बारीक गुडगुड. ती वाढत वाढत जाई. मग एकदम कोणी घटाघटा पाणी प्यावे तसा आवाज, त्यामागून लांब 'फुर्रर्र', आणि मग शांतता. जरा डोळा लागावा, तो पुन्हा पहिल्यापासून गुडगुड. सतत चाललेल्या आवाजाला कान सरावतात. आगगाडीत आपण झोपतो ती त्यामुळेच. हा आवाज मात्र थांबून पुन्हा येत होता आणि थांबला की आता केव्हा येतो, याची वाट पाहायला लावीत होता.

तीनच्या पुढे कधीतरी मला जाग आली. अंधारात आई भिंतीला हात लावीत स्वयंपाकघराकडे चालली होती. बऱ्या हातात कळशी होती.

"आई, काय ग?"

"पाणी आले ना," ती सहज म्हणाली. "नळ वाजतो आहे. झोप तू, मी भरते."

मी दिवा लावला. तिने कळशीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मग हळूच म्हणाली, "दादाला सांगू नकोस हं. उगीच ओरडतो."

सकाळी मी सांगितले. आईचे न ऐकण्याचे जे मोजके प्रसंग माझ्या आयुष्यात आले, त्यांतला हा एक. दिवसा तिचे सगळे स्वच्छ असते. महिन्याच्या दुधाचा हिशेब ती आजही तोंडी सांगते. पण झोपेत माणूस आपल्या जुन्या घरी जातो. आवाजाने तिची झोप मोडते, असे सारे समजत होते. ती त्रासून उठत नव्हती, कामाला उठत होती.

दादा चहाचा कप तसाच धरून बसला. मग म्हणाला, "नळात हवा अडकली की तो असाच वाजतो. चाळीतला आपला नळ असाच वाजे. रिकाम्या पाइपात पाणी शिरले की आतली हवा आधी बाहेर पडते ना." एवढे म्हणून त्याने चष्मा चढवला आणि जी पेटी सहा महिने तो दुरून पाहत होता, तिच्यापुढे तो मांडी घालून बसला. "काय रे, पाणी कुठून कुठे जाते ते दाखव."

मुलाने खालच्या कपाटाचे दार उघडले. आत दुसरी, लहान पेटी होती. तिला 'संप' म्हणतात. गिरगावकराला या शब्दाने आधी गिरण्या आठवतात आणि १९८२ साल आठवते. हा मात्र पाण्याचा संप. त्यातला पंप तासाला दीड-दोन हजार लिटर पाणी वरच्या पेटीत चढवतो. वर जास्त झालेले पाणी कोपऱ्यातल्या काचेच्या कप्प्याच्या दातेरी काठावरून आत सांडते, कप्प्यातल्या उभ्या नळीत शिरते आणि तळातल्या भोकातून पुन्हा खाली संपात येते. नळीच्या डोक्यावर छत्रीच्या मुठीसारखे वळण आणि त्या वळणाच्या माथ्यावर हवेसाठी एक बारीक भोक.

"हे भोक कशाला, ठाऊक आहे?" दादाने विचारले.

"हवा नळीत नीट जावी-यावी म्हणून. नाही तर नळी पाणी ओढून घेते."

"म्हणजे सायफन होतो. आणि तुझे हे भोक मिठाने बुजले आहे. बघ."

खरेच बुजले होते. हवेला वाट नाही म्हणून कप्प्यात पाणी चढे, नळी तुडुंब भरे, सारा कप्पा एका घोटात ओढून घेई, मग हवा आत घुसून धार तुटे आणि पुन्हा पाणी साचू लागे. माझ्या रात्रीच्या त्या घटाघट-फुर्ररचा अर्थ हा होता.

येथे माझ्या एकमेव तांत्रिक योगदानाची नोंद केली पाहिजे. मी म्हणालो, "आमच्या पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजहून नळ आणला, त्यालाही हवेसाठी जागोजाग वाटा ठेवल्या आहेत. त्यांना उच्छ्वास म्हणतात."

"उच्छ्वास!" दादा खूष झाला. "आम्ही आयुष्यभर एअर व्हॉल्व्ह म्हणत राहिलो."

त्या दिवशी दोन उपाय केले आणि दोन्ही फुकट झाले, म्हणजे पैशाने. भोक साफ करून किंचित मोठे केले. नळीचे खालचे तोंड संपाच्या पाण्यात खोल बुडाले होते; त्यामुळे आत गेलेली हवा उलटून उसळ्या मारी. ते कापून पाण्याखाली इंचभरच ठेवले. घटाघट थांबली, पण गुडगुड राहिली. रात्री आई पुन्हा एकदा उठून बसली. या खेपेला मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "अजून आले नाही. आले की उठवतो." ती निमूट आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे धनत्रयोदशीला, पुतण्याने कागदावर एक आकृती काढून बापापुढे सरकवली. बोलला नाही. दादाने ती बराच वेळ पाहिली.

आकृतीतली कल्पना अशी. नळीत हवा आणि पाणी एकत्र उतरतात म्हणून आवाज होतो. तेव्हा हवेला नीट वाट देण्याऐवजी तिला आत येऊच द्यायचे नाही. नळीचे तोंड पाण्यात बुडालेले ठेवायचे, खाली तिला एक झडप बसवायची आणि ती इतकीच उघडायची, की नळी कायम काठोकाठ भरून वाहील. शेजारी तोंड थोडे उंच असलेली दुसरी नळी कोरडी उभी करायची. पहिली तुंबली तर पाणी तिच्यातून जाईल. शौकीन मंडळी या रचनेला 'हर्बी' म्हणतात. दुसऱ्या नळीसाठी भोक नवे पाडायला नको. पंपाचे पाणी ज्या भोकातून वर येत होते तेच वापरायचे आणि पंपाची नळी पेटीच्या मागून काठावरून आत सोडायची.

मी आकृती पाहत होतो आणि मला एकाएकी हसू आले. वीस वर्षे मी वर्गात 'उथळ पाण्याला खळखळाट फार' या म्हणीचा लाक्षणिक अर्थ समजावून सांगत आलो. तिचा वाच्यार्थ मला आज कळत होता. अर्धी भरलेली नळी बडबडते, पूर्ण भरलेली बोलत नाही.

झडप आणायला आम्ही तिघे निघालो. काळबादेवीच्या गर्दीतून, आकाशकंदील आणि रांगोळीच्या ढिगांमधून वाट काढीत, महात्मा फुले मंडईवरून नागदेवी स्ट्रीटला. या रस्त्यावर जगातल्या कोणत्याही दोन नळ्या एकमेकींना जोडण्याची सोय होते, असे दादाचे मत आहे. गल्लीबोळांत त्याची जुनी ओळख. दुकानदार उठून नमस्कार करीत, चहा मागवीत आणि पितळेची अस्सल गेट व्हॉल्व्ह पुढे ठेवीत. दादा ती तळहातावर तोलून म्हणे, "हिला म्हणतात झडप. पन्नास वर्षे बघायला नको."

"बाबा, पितळेत तांबे असते," मुलगा म्हणाला. "मिठाच्या पाण्यात ते उतरते. माशांचे एक वेळ निभावेल, कोळंबी मरते."

दादाने झडप खाली ठेवली. पस्तीस वर्षांचा अनुभव असा गिऱ्हाइकांदेखत खाली ठेवणे सोपे नसते. "प्लॅस्टिकची आहे?" त्याने दुकानदाराला विचारले.

प्लॅस्टिकची होती ती बॉल व्हॉल्व्ह. तिचा दांडा पाव फेऱ्यात उघडतो-मिटतो, म्हणून तिला बारीक कमी-जास्त करता येत नाही. चक्राने हळूहळू फिरणारी प्लॅस्टिकची गेट व्हॉल्व्ह काही मिळेना. दहा दुकाने झाली. माझे पाय पुणेरी झालेले. मी एका पायरीवर बसलो. बापलेक पुढे गेले. अर्ध्या तासाने समोरून येताना दिसले तेव्हा मुलाच्या हातात झडप होती, बापाच्या हातात जोड आणि नळ्या, आणि दोघे मोठमोठ्याने कशावरून तरी वाद घालीत होते. त्या रस्त्यावर एवढा गोंगाट असतो, तरी तो वाद मला लांबून ऐकू आला आणि गोड वाटला. सहा महिन्यांनंतर त्या दोघांना भांडायला विषय मिळाला होता.

संध्याकाळी पंप बंद करून काम सुरू झाले. माशांना प्राणवायू मिळावा म्हणून पेटीत एक लहान पंप पाणी ढवळीत ठेवला होता. वहिनींनी दाराशी पणत्या लावल्या, आणि आत दादा व पुतण्या कपाटात डोकी घालून बसले. आई खुर्चीवर बसून पाहत होती.

"हे मासे खायचे नाहीत ना?" तिने मला विचारले.

"नाही."

"मग एवढी खटपट?" थोड्या वेळाने आपणच म्हणाली, "असू दे. पोराला लळा आहे."

चिकटवलेले सांधे रात्रभर आणि दुसरा दिवसभर वाळू दिले. त्या संध्याकाळी पंप सुरू केला. नवी नळी आधी खाकरली, फुरफुरली. आईने मान वर केली. मुलगा झडप किंचित फिरवी, दादा कप्प्यातल्या पाण्याची रेघ पाही आणि बोटाने खूण करी. पाणी चढले, उतरले, पुन्हा चढले आणि कोरड्या नळीच्या तोंडाच्या थोडे खाली येऊन ठरले. कप्पाच जवळजवळ भरलेला असल्याने काठावरून पडणारी धारही बोटभरच उरली. नळीतली हवा संपली. आवाज गेला.

दादाने लगेच झडप पुरती बंद केली. पाणी दुसऱ्या नळीत धो धो कोसळू लागले. "ओरडू दे," तो म्हणाला. "संकटाच्या नळीने ओरडलेच पाहिजे, नाही तर संकट आले हे कळणार कसे?" मग झडप पुन्हा पहिल्या खुणेवर आणून पंपाची पिनच उपटली. वीज गेली तर वरचे किती पाणी खाली येते आणि संप उतू जातो का, हे पाहायला. काठाखाली चार बोटे जागा राहिली. वर आणलेल्या नळीला पाण्याच्या पातळीजवळ मुलाने एक बारीक भोक ठेवले होते. पाणी थोडे उतरले की त्यातून हवा शिरे आणि उलटी धार तुटे. दादाने ते भोक पाहिले आणि मला डोळा घातला. "उच्छ्वास."

ती नरकचतुर्दशीची आदली रात्र. मी मुद्दाम जागा राहिलो. पेटीतला मंद उजेड विझला, मासे दगडांआड गेले. पंपाची अगदी बारीक घरघर सोडली तर काही ऐकू येत नव्हते. एकदा दादा पावले न वाजवता आला, पेटीला कान लावून उभा राहिला आणि परत गेला. तासाभराने मुलगा आला आणि तेच करून गेला. आई कुशीवर झोपली होती.

पहाटे चारला वाडीत कुठेतरी पहिला फटाका वाजला. घर उठले. उटणे झाले, तेल झाले, वहिनींनी पाटाभोवती रांगोळी काढली. दादाची आंघोळ झाली, मुलाची झाली, माझी झाली. आई झोपलेलीच. चाळीस वर्षे या पहाटे सगळ्यांच्या आधी उठून जिने बंब पेटवला, तिला उठवायला कोणाचा हात होईना. आम्ही तिघे न्हालेले पुरुष ओल्या केसांनी तिच्याभोवती नुसते बसून राहिलो.

उजाडता उजाडता ती जागी झाली. आम्हांला पाहून दचकली, खिडकीतल्या उजेडाकडे पाहून रागावली.

"मेल्यांनो, उठवले का नाही मला? पाणी आले का?"

"आले," दादा म्हणाला. "आम्ही भरून ठेवले."